लग्नाला पाचशे माणसं, पहिल्या भांडणाला कोण?

नदीकाठचा

आमच्या ज्ञातीमंडळाच्या वधूवर सूचक केंद्राचं काम मी बघतो. गाव सांगत नाही, लगेच ओळखू येईल.

२०२५ मध्ये पुण्याजवळच्या त्या हुंड्याच्या प्रकरणानंतर अहिल्यानगरला मराठा समाजाने लग्नाची आचारसंहिता केली. पाहुणे शे-दोनशेच, डीजे नको, प्री-वेडिंगचे व्हिडिओ दाखवू नका, हुंडा देऊ-घेऊ नका. आमचा समाज वेगळा, पण आमच्याही सभेत तसाच ठराव आला आणि टाळ्या वाजवून पास झाला. चांगलंच आहे. पण वाचून बघितलं तर सगळी कलमं अक्षता पडल्या की संपतात.

आमच्या केंद्राचा फॉर्म घ्या. उंची, वर्ण, गोत्र, नाडी, मंगळ, पॅकेज, स्वतःचा फ्लॅट आहे का. फ्लॅटवर कर्ज किती, हा रकाना नाही. आई-वडील सोबत राहणार का, मुलगी माहेरी पैसे देणार असेल तर चालेल का, बदली झाली तर नोकरी कुणी सोडायची, यातलं काहीच नाही. हे विषय निघतात ते थेट समेटाच्या बैठकीत, मुलगी माहेरी येऊन बसल्यावर.

माझा प्रस्ताव असा: नाव नोंदवतानाच दोन दिवसांचं विवाहपूर्व शिबिर सक्तीचं करावं. आणि लग्नानंतर पहिली दोन वर्षं प्रत्येक नव्या जोडप्याला समाजातलं एक अनुभवी ‘पालक जोडपं’ जोडून द्यावं. मेळाव्याचे हारतुरे आणि स्टेज कमी केलं तरी खर्च निघेल. चर्चला लग्नाआधीचा कोर्स घेणं जमतं, आपल्याला का नाही?

मोगरी

पालक जोडपं! सासू-सासरे कमी पडले म्हणून मंडळाकडून आणखी एक जोडी.

माझ्या मावसबहिणीची बैठक मी पाहिलीय. हॉलमध्ये दोन्हीकडचे काका-मामा, एक माजी सरपंच, मंडळाचे अध्यक्ष. ती आत कांदा चिरत होती, याच मंडळींच्या पोह्यांसाठी. तिला बाहेर बोलावलं ते एकदाच, “सगळ्यांच्या पाया पड आणि गाडीत बस” म्हणायला. नवरा हात उगारतो हा विषय “जरा तापट आहे” एवढ्यावर मिटला. तुमच्या वहीत त्या दिवशी एक संसार वाचल्याची नोंद झाली असेल.

समाज लग्न टिकवतो म्हणजे व्यवहारात बाईला दम धरायला लावतो. काही करायचंच असेल तर मुलींच्या आई-बापांचं शिबिर घ्या. विषय एकच: पोरगी परत आली तर दार उघडायचं, आणि शेजारी काय म्हणतील ते शेजाऱ्यांवर सोडायचं.

चहाबाज

धागा शंभरी गाठणार. आधण ठेवलंय.

नदीकाठचा

@मोगरी, बैठका अशाच होतात, नाकारत नाही. म्हणून तर बैठकीच्या आधीचं बोलतोय. मारहाण असेल तर मंडळाने मध्ये पडूच नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, तिकडे जावं.

पण प्रत्येक भांडण मारहाणीचं नसतं. दोघंही हिंजवडीला, घरी यायला रात्रीचे नऊ, रविवारी कुणाच्या आईकडे जायचं यावरून अबोला. अशांना वकिलाच्या आधी कुणीतरी नको का? परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायचं असायचं, २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेही माफ होतं.

तिसरी खुर्ची

कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून काम केलंय, म्हणून लिहिते.

ते सहा महिने कुणालाही मागितले की माफ होत नाहीत. समेटाचे प्रयत्न करून झालेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला हवा, वेगळं राहून पुरेसा काळ गेलेला हवा. तिथवर आलेलं लग्न आणखी सहा महिने लटकवून जुळत नाही. १९८४ च्या कायद्याने न्यायालयांना आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगितलंय, आम्ही तो करतोही. पण जोडपं आमच्यासमोर येतं तेव्हा दोघांच्या फाइली जाड झालेल्या असतात. आधी काहीतरी हवं, या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

मात्र तुमच्या शिबिरात कुणी खरं बोलणार नाही. समोर बसलेले गृहस्थ मामांचे मित्र. संध्याकाळपर्यंत घरी फोन जाईल. समाजाबाहेरचा समुपदेशक आणा, मंडळाने फक्त हॉल आणि मानधन द्यावं, आणि अहवाल मागू नये. राष्ट्रीय महिला आयोगानेही २०२५ पासून ‘तेरे मेरे सपने’ नावाने विवाहपूर्व संवाद केंद्रं सुरू केली आहेत.

व्याख्यानं तर नकोतच. मी दोघांना वेगवेगळ्या कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगते: पगार झाला की पैसे कुठे जातात? एका मुलाने लिहिलं, “आईकडे देतो, ती बघते.” मुलीने लिहिलं, “दोघांचं जॉइंट खातं काढायचं ठरलंय.” कागद अदलाबदल केले. त्यानंतर बराच वेळ मला काही बोलावं लागलं नाही.

पणजीकर

चर्चचा उल्लेख आला म्हणून. मी हिंदू, बायको कॅथलिक, त्यामुळे तो लग्नाआधीचा कोर्स मी केलाय. पाद्री, डॉक्टर, समुपदेशक आणि संसारात मुरलेलं एक जोडपं, असे सगळे बोलतात. त्या जोडप्याचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा तास सुरू झाला की माना खाली. वाईट अजिबात नाही, पण कोर्स केलेल्यांचेही संसार मोडतातच. २०२१ मध्ये गोवा सरकारनेही सगळ्यांसाठी असं समुपदेशन सक्तीचं करायची भाषा केली होती.

माझ्या मते इथली खरी गंमत कायद्यात आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात, निम्मी-निम्मी. लग्नाच्या नोंदणीला दोनदा सह्या, आणि पुढे घर-जमीन विकायची तरी दोघांची सही. माझ्या सासऱ्यांना काजूची बाग विकायची होती. सासूबाई नाही म्हणाल्या. बाग अजून आहे, आणि दोघं रोज संध्याकाळी तिथेच भांडायला जातात.

सातबारा

गोवा कशाला, आपल्याकडे झालंय की. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे १९९० च्या आसपास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. पुरुषांनी आपणहून दिल्या जमिनी. गावात शंभर घरांनी केलं की जोशी स्वतः सत्काराला जायचे. बाईला “जुळवून घे” कुणी म्हटलं नाही, तिच्या पायाखाली जमीन दिली. याला म्हणतात समाजाने मदत करणं.

आता दुसरी बाजू. मी गावच्या तंटामुक्त समितीत होतो. २००७ ला मोहीम सुरू झाली आणि बक्षिसाच्या नादात तंटे मिटवायची घाई. नवरा-बायकोचा तंटा मिटला, रजिस्टरला सह्या झाल्या. पोळ्याला ती पोरगी परत माहेरी. पण त्याच समितीने पळून आलेल्या पोरापोरींची लग्नंही देवळात उभं राहून लावली, दोन्ही घरचे हाणामारीला आलेले असताना. म्हणजे समिती वाईट नाही, घाई वाईट.

आणि दारूचं कुणीच बोललं नाही अजून! आमच्याकडे निम्म्या बैठकांचं मूळ तिथे असतं. पंचवीस टक्के बायांनी सह्या केल्या की गावात मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्या शेजारच्या गावात झालं. चोरून मिळते अजून, खोटं बोलत नाही. पण पगार झाल्यावर दुकान रस्त्यात लागत नाही, याने फरक पडला.

मोगरी

सातबारा यांच्या पहिल्या परिच्छेदाला +१. @नदीकाठचा, घ्या की हे फॉर्ममध्ये. ‘फ्लॅट दोघांच्या नावावर करणार का?’

नदीकाठचा

करेन हो, पण मुलाकडचे नोंदणीच काढून घेतील आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात जातील.

मोगरी

जाऊ देत. मुली मिळत नाहीत म्हणून मेळाव्यात माइकवरून रडता ना सगळे? मग एकदा मुलींच्या सोयीचा फॉर्म काढून बघा.

वरमाय

सगळे वाचून लिहिते आहे. मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून गेलं. हप्ते मुलगा भरतो. आणि जिला अजून पाहिलंही नाही तिचं नाव निम्म्यावर? उद्या वर्षात मोडलं तर आमचं म्हातारपण कुणी बघायचं? सुनेला घरात मान हवा हे मान्य, पण सासूला असुरक्षित करून नको. तुमच्या आचारसंहितेत आमच्यासाठी एक तरी कलम आहे का?

तिसरी खुर्ची

काकू, शंका रास्त आहे. नाव लावणं म्हणजे निम्मंच, असं नाही. खरेदीखतात कुणाचा किती हिस्सा ते लिहिता येतं. तुमचे पैसे किती गेले तेही कागदावर येऊ दे, वकिलाकडून नीट करून घ्या.

वरमाय

आणि हे होणाऱ्या सुनेला सांगायचं कुणी? पहिल्याच भेटीत हिशेब काढला म्हणतील.

मोगरी

उंची, वर्ण आणि पॅकेज पहिल्या भेटीच्या आधीच विचारता की.

नदीकाठचा

वरमाय, तुमचा प्रश्नही रकान्यात घेतो: घरात आई-वडिलांचे पैसे आहेत का, किती. मुलीकडेही तोच रकाना, तिच्या शिक्षणाचं कर्ज कोण फेडतंय तो. पालक जोडप्याचा प्रस्ताव मी सोडलेला नाही, त्यावर भांडू नंतर. तिसरी खुर्ची, तुमची प्रश्नपत्रिका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? येत्या सभेत फॉर्मचा मसुदा मांडतोय. अध्यक्षांचा मुलगा यंदा लग्नाचा आहे, तेव्हा पहिला फॉर्म त्यांच्याच घरचा भरून मागणार आहे.

चहाबाज

सभेचं लाइव्ह करा.