अनुभव धागा : कुणी कुणाची पट्टी धरली?

परवा शेजारच्या हळदीत हलगी आणि डीजे एकत्र वाजले. डीजेवाल्यानं स्वतःहून आवाज कमी केला म्हणून हलगी ऐकू आली. असा डीजेवाला मी पहिल्यांदा पाहिला. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले गाणारे-वाजवणारे असे एकत्र बसलेले तुम्ही पाहिलेत का? मोठ्या नावांचंही चालेल, पण आधी स्वतःचं सांगा.
– संभाजीनगरकर

परभणीकर : आमच्या घरात गोंधळ. परभणीत गोंधळ म्हटलं की लोक राजारामभाऊ कदमांचं नाव घेतात, आम्हाला कोण विचारतंय! तर कॉलेजच्या युवक महोत्सवासाठी पोरांनी गिटार, ड्रम आणि आमचं संबळ-तुणतुणं असं जमवलं. गायला माझे चुलते. गिटारवाल्यानं सूर दाखवणारं अ‍ॅप तुणतुण्यासमोर धरलं, तर काटा थांबायलाच तयार नाही. आम्ही तार गाणाऱ्याच्या गळ्यावर लावतो. त्या दिवशी काकांचा गळा बसलेला, म्हणून तारही खाली. अर्धा तास झटापट झाली. शेवटी गिटारवाल्यानं सहाच्या सहा तारा उतरवल्या आणि म्हणाला, "काका, तुम्ही गा, मी येतो मागं."

ड्रमवाल्याची वेगळीच कथा. त्याच्या कानात ठोके मोजणारं यंत्र, एका लयीत टिक-टिक. आणि गोंधळाची लय तर चढत जाणार. काका थांबले. "कानात काय घातलास रे? काढ की ते. संबळ ऐकू येऊलालंय का नाही?" त्यानं काढलं. मग जे वाजलं ते वाजलं!

बक्षीस नाही मिळालं. लोकसंगीतात धरायचं की पाश्चात्त्य गटात, हेच परीक्षकांचं ठरेना.

नांदेडहून : आमच्या नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. वारकऱ्यांबरोबर हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो होतो, तेव्हा तिथं कीर्तन गाणाऱ्या रागींनी त्यातलं एक गायलं. भाषा पुरती कळत नव्हती, पण शेवटी "नामा" आला आणि आमच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. रात्री मुक्कामाच्या खोलीत आमच्या पखवाजवाल्यानं धुमेला, म्हणजे डाव्या बाजूला, कणीक लावायला घेतली. तिथला तबलजी बघत बसला होता. म्हणाला, आमच्याकडं तबल्यासारखी जोडी असते, तिच्या डाव्यालाही कणीक लावतात. झालं! दोघं दोन वाजेपर्यंत उठले नाहीत. गाणारं कुणीच नव्हतं.

लातूर : सगळंच जुळतं असं नाही. आमच्या गणेश मंडळानं भजनी मंडळ आणि बँड एकत्र उभे केले. क्लॅरिनेटवाला आपला सूर सोडेना, बुवा काळी पाच या उंच पट्टीच्या खाली यायला तयार नाहीत. दुसऱ्या अभंगात बुवांचा घसा गेला. मंडळानं पैसे मात्र दोघांनाही सारखेच उशिरा दिले.

बीडकर : माझं स्वतःचं काही नाही, ऐकीव आहे. अमेरिकन गिटारवाले राय कूडर आणि आपले मोहनवीणावाले विश्वमोहन भट्ट रेकॉर्डिंगच्या अगदी थोडा वेळ आधी पहिल्यांदा भेटले, तालीम नाही, आणि त्या अल्बमला 1994 साली ग्रॅमी मिळालं. लोक याला चमत्कार म्हणतात. मला नाही वाटत. भट्टांची मोहनवीणा मुळात गिटारच बदलून केलेली, आणि दोघंही तारेवर घसरवूनच सूर काढणारे. ते लांबचे वाटतात, पण आहेत भाऊबंदच. परभणीकरांचं काम जास्त अवघड होतं.

खुलताबाद : उरुसात कव्वालांच्या ढोलकवाल्याचा हात दुखावला, तर गावच्या भजनातला ढोलकीवाला बसवला. "आठच मात्रा ना?" एवढंच विचारून तो बसला. टाळ्या बाकीच्यांनी सांभाळल्या.

संभाजीनगरकर : @परभणीकर, तो गिटारवाला काकांना अजून भेटतो का?

परभणीकर : भेटतो की. तुणतुण्याला तार आता तोच आणून देतो, गिटारची सगळ्यात बारीक असते ती. काकांना तिचा आवाज आवडला.