गॅस न पेटवता पोटभर: तुमचे अनुभव लिहा

धागा काढायचं कारण सांगते. बाबा 76 वर्षांचे, आई गेल्यापासून चिपळूणला एकटेच राहतात, पुण्याला यायला तयार नाहीत. सकाळी एक मावशी पोळीभाजी करून जातात त्यामुळे दुपारचं निभतं, प्रश्न संध्याकाळचा आहे. डिसेंबरात दूध गॅसवर ठेवलं आणि पडवीत झोपाळ्यावर येऊन बसले ते विसरूनच गेले, शेजारच्या काकूंना जळका वास आला म्हणून त्या धावत आल्या, तोवर पातेलं काळंठिक्कर. तेव्हापासून मावशी गेल्या की ते स्वतःच रेग्युलेटर बंद करतात आणि रात्री गार दुधात बिस्किटं बुडवून खातात आणि मला फोनवर सांगतात जेवलो म्हणून. मला ते ऐकवत नाही.

तर असे पदार्थ हवेत जे माणूस एकटा, गॅसशिवाय, पंधरा-वीस मिनिटांत करेल आणि जेवल्यासारखं वाटेल. इंडक्शन, मायक्रोवेव्ह नको, त्यांना ते नकोच आहे. नुसती कृती नको, तुमच्यावर कधी वेळ आली आणि काय केलंत ते लिहा.

---

चिपळूणचे आहेत ना, मग दडपे पोहे सांगायलाच नकोत त्यांना! माझी आजी चुलीपुढून उठायचा कंटाळा आला की हेच करायची. पातळ पोहे दोन मुठी, त्यावर ओलं खोबरं हात आखडता न घेता, बारीक कांदा, मिरची मिठासाखरेबरोबर चुरडून, लिंबू, कोथिंबीर, आणि शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी नुसतं शिंपडायचं, ओतायचं नाही. मग सगळं हाताने दाबून वर ताटली आणि ताटलीवर वजन, आजी पाण्याचा तांब्या ठेवायची. वीस मिनिटं अजिबात उघडायचं नाही, खोबऱ्या-कांद्याच्या ओलाव्यावरच पोहे मऊ होतात. दातांचा त्रास असेल तरी खाता येतात, हे महत्त्वाचं.

---

फोडणी नाही घातली तर दडपे पोहे कसले? हिंग-मोहरीची फोडणी आणि वरून भाजलेला पोह्याचा पापड हवाच.

---

फोडणीचे छानच लागतात, पण इथे गॅस नको आहे. मावशींना आठवड्यातून एकदा छोट्या बाटलीत फोडणी करून ठेवायला सांगा, हिंग, मोहरी, हळद, लसूण-कढीपत्ता नको. चमचाभर वरून घालायची. माझ्या सासऱ्यांसाठी मी हेच करते, आणि दह्याच्या सगळ्या पदार्थांना चव येते त्याने.

---

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात खालचा मजला पाण्यात गेला, सिलिंडर खालीच राहिला, वर आम्ही सातजण आणि लाइट नाही. वर काय होतं तर चिरमुऱ्यांचं पोतं (भडंग करायला आणलेलं), शेंगदाण्याचं कूट, कांदे, तेलाची कॅन, चटणी आणि गूळ. चार दिवस तेच खाल्लं. चिरमुऱ्यांना कच्चं तेल आणि कांदा-लसूण चटणी चोळायची, कूट घालायचं, वर कांदा. लहान पोरांना कूट आणि गूळ कुटून लाडू वळून दिले, तूपसुद्धा लागत नाही, दाण्याचं तेल सुटतं त्यातच वळले जातात. पाणी जपून प्यायचं होतं म्हणून मीठ कमी घातलं. तेव्हापासून आमच्या आईने वरच्या खोलीत पत्र्याचा डबाच करून ठेवलाय, चिरमुरे, कूट, गूळ, डाळवं, आणि दर पावसाळ्याच्या आधी ती सगळा माल बदलते. तुमच्या बाबांनाही असा एक डबा भरून द्या, सगळं एका जागी असलं की माणूस करून खातो, शोधाशोध करावी लागली की बिस्किटाचा पुडा फोडतो.

---

+1 डब्याला. आणि एक गोष्ट लिहावीशी वाटते. माझं आजोळ पेणचं, तिथे पोह्याची गिरणी लहानपणी पाहिलीय, भात भिजवतात, तापलेल्या भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. म्हणजे पोहे शिजायचे ते आधीच शिजलेले असतात म्हणून नुसत्या पाण्याने मऊ पडतात. चुरमुरे, लाह्या, डाळवं, सातूचं पीठ, मेतकूट, भाजल्या दाण्यांचं कूट, सगळ्यांचं हेच, आगीवरचं काम कुणीतरी आधी करून ठेवलेलं असतं. म्हणून यातलं काहीही बिनधास्त वापरा, पण बेसन, रवा, कणीक कच्ची खायची नाही, रेडिमेड रेसिप्यांमध्ये मी कच्च्या बेसनाचे लाडू पाहिलेत, प्लीज करू नका, पोट बिघडतं.

सातू दुधात कालवून गूळ घातला की एक वाटी पुरते रात्रीला. माझे काका 82 व्या वर्षी रोज खायचे.

---

मला तिसऱ्या महिन्यात फोडणीचा वास आला की उलटी व्हायची, नवरा नाशिकला नोकरीला, मी एकटी. दीड महिना गोपाळकाल्यावर काढला असं म्हटलं तरी चालेल. ज्वारीच्या लाह्या आणि पोहे, गोडसर दही, किसलेली काकडी, आल्याचा तुकडा, लिंबाचं गोड लोणचं, डाळिंबाचे दाणे. लाह्या अगदी शेवटी, नाहीतर लगदा होतो. मोड आलेले मूग कच्चेच घालायचे मी त्यात, तर डॉक्टरांनी थांबवलं, दमट उबेत मोड येतात तिथे जंतूही वाढतात म्हणाल्या, गरोदर बायकांनी आणि वयस्कर माणसांनी मोड शिजवूनच खायचे. तुमच्या बाबांनाही हे सांगा. भिजवलेली मुगाची डाळ मात्र मला चालली, दोन तास भिजवून, काकडी, खोबरं, लिंबू. बेळगावकडे कोसंबरी म्हणतात ती हीच.

---

आमच्या गोंयात दिवाळीच्या पहाटे घराघरात पोहे असतात, त्यातले दोन प्रकार बिनआगीचे. नारळाच्या दाट रसात गूळ विरघळवून वेलची घालायची आणि त्यात पोहे भिजवायचे, आणि दुसरे ताकातले, मीठ, मिरची, आलं. मी पणजीत खोली घेऊन राहत होतो तेव्हा मालक गॅस ठेवू देत नव्हते, तेव्हा माझी दिवाळी वर्षभर चालायची. सोबत सोलकढी, आठ-दहा आमसुलं अर्धा तास भिजत घालून कुस्करायची, नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, मीठ. रस काढायचा त्रास नको असेल तर नारळाच्या दुधाची पावडर मिळते, पण ताज्याची सर नाही.

---

नागपूर. मे महिन्यात दुपारी ओट्याजवळ उभं राहवत नाही, त्यामुळे कच्चा चिवडा. मुरमुरे, तेल, तिखट, मीठ, कांदा, कैरीचा कीस. बस.

---

धागाकर्ती परत आलेय. एवढं सगळं वाचून काल डबा भरून पाठवला, पातळ पोहे, लाह्या, सातू, मेतकूट, कूट, गूळ, फोडणीची बाटली (ती आयडिया फार उपयोगी पडली). कांदा चिरायचा त्यांना कंटाळा म्हणून मावशी सकाळीच चिरून फ्रिजमध्ये ठेवणार आहेत. आज संध्याकाळी मीच फोन करणार होते तर त्यांचाच आला, म्हणाले दडपे पोहे केले, वजनाला तुझ्या आईचा पाटा ठेवला, तो जरा जड झाला आणि पोहे गच्च बसले. आणि मग विचारलं, खवलेलं खोबरं फ्रीझरला किती दिवस राहतं गं? मी महिनाभर म्हटलं, तर म्हणाले मग उद्या दोन नारळ फोडतो.