देहदानाचा फॉर्म २००९ ला भरलाय, आता कॉलेजात थ्रीडी टेबल आलं, मग देह लागतो का अजून?

रामबागची_सून:

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. सासरे म्हणजे आमचे आबा आता ८४ वर्षांचे आहेत, सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं. २००९ मध्ये एकटेच मेडिकल कॉलेजात जाऊन देहदानाचा फॉर्म भरून आले आणि रात्री जेवताना आम्हाला सांगितलं, विचारलं नाही, सांगितलंच. फॉर्म भरल्यावर मिळालेलं कार्ड तेव्हापासून त्यांच्या पाकिटात आहे, लॅमिनेशनच्या कडा पिवळ्या पडल्यात पण कार्ड आहे.

गेल्या महिन्यात नणंदेचा मुलगा आला होता, तो एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे, त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, पलंगाएवढी टचस्क्रीन, त्यावर अख्खा माणूस, बोट फिरवलं की कातडी गेली, परत फिरवलं की स्नायू गेले, मग नुसत्या रक्तवाहिन्या. आबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे आता माझी काही गरज नाही का रे?" पोराला काय बोलावं सुचेना, मलाही नाही. तेव्हापासून आबा गप्पच असतात, दुपारी कार्ड काढून बघतात, परत ठेवतात. मला ते बघवत नाही हो.

तर कोणाला माहिती असेल तर सांगा, अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) डिपार्टमेंटमध्ये आता खरंच देह लागत नाहीत का? आणि वेळ आली की नेमकं काय करायचं असतं? आईंना (सासूबाई) दहाव्या-तेराव्याची काळजी आहे, देहच नाही तर गती कशी मिळणार म्हणतात. थट्टा नको प्लीज.

डीएच_मॅडम:

ताई, आधी आबांना माझा नमस्कार सांगा. मी इंदूरमध्येच अ‍ॅनाटॉमी शिकवते, २२ वर्षं झाली, आणि तुमचा प्रश्न वाचून पोळ्या करायच्या सोडून लिहायला बसलेय.

देह लागतो. आधी लागायचा त्याहून जास्त लागतो, कसं ते सांगते. २०१४ मध्ये अख्ख्या देशात एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, आता लाखाच्या वर गेल्यात. त्या प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे देह उघडून शिकतात तिथे, उभं राहायचंच असतं. शिवाय पूर्वी देह फक्त फर्स्ट इयरसाठी असायचा, आता कान-नाक-घसावाले, ऑर्थोवाले, सर्जरीचे पीजी (एमबीबीएसनंतर पुढे शिकणारे डॉक्टर) सगळे येतात, पेशंटवर हात चालवण्याआधी देहावर सराव करून बघतात. त्यासाठी एम्बामिंगची, म्हणजे देह टिकवून ठेवायची, पद्धतही बदलायला लागलीय. नुसत्या फॉर्मॅलिन या रसायनाने शरीर लाकडासारखं कडक होतं, सांधा वाकत नाही. ऑस्ट्रियात ग्राझच्या थील नावाच्या प्राध्यापकांनी १९९२ मध्ये एक पद्धत छापली, त्यात क्षार आणि बाकीची रसायनं जास्त, फॉर्मॅलिन अगदी कमी, आणि स्नायू मऊ राहतात, दुर्बिणीच्या ऑपरेशनचासुद्धा सराव होतो. महाग पडते, म्हणून सगळीकडे नाही, पण आपल्याकडेही काही ठिकाणी सुरू झालीय.

आता त्या टेबलाबद्दल. चांगली वस्तू आहे, मी स्वतः वापरते. मेंदूतल्या वाटा, गर्भ कसा वाढतो, सीटी स्कॅनमध्ये कुठला अवयव कसा दिसतो हे त्यावर फार सुंदर समजतं, पुसलं की परत पहिल्यापासून सुरू करता येतं. पण आबांना हे नक्की सांगा की त्या स्क्रीनमधला माणूससुद्धा कोणीतरी दिलेला देहच आहे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मेडिकल लायब्ररीने एका ३९ वर्षांच्या पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे डोक्यापासून पायापर्यंत एकेक मिलिमीटरचे १८७१ काप घेऊन फोटो काढले, तो टेक्सासमधला मृत्युदंडाचा कैदी होता आणि त्याने देह विज्ञानाला दिला होता. पुढच्या वर्षी एका ५९ वर्षांच्या बाईंच्या देहाचे त्याहून बारीक काप झाले. जगभरातल्या कितीतरी थ्रीडी शरीररचनेची सुरुवात या दोघांपासून झाली, आणि आजची बरीचशी टेबलंही खऱ्या देहांवरूनच तयार होतात.

आणि स्क्रीनवर ठरावीकच माणसं असतात हो, आमच्याकडे येणारा प्रत्येक देह वेगळा असतो. आत्ता करून बघा, अंगठा आणि करंगळीचं टोक एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आली? तो पाल्मॅरिस लाँगस नावाच्या स्नायूचा कंडरा. काही जणांना तो नसतोच, काहींना एकाच हाताला असतो. सर्जन हाच कंडरा काढून दुसरीकडे जोडायला वापरतात, तर तो आहे की नाही हे हात लावून बघायची सवय आधी लागावी लागते ना.

अभ्यासक्रमही बदललाय. २०१९ पासून नवीन पद्धत आली, अ‍ॅनाटॉमीला त्यात ६७५ तास ठेवले आणि पहिल्याच वर्षी मुलांना वॉर्डात नेऊन पेशंट दाखवायला लागलो. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ च्या ऑक्टोबरात हिंदीतून अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक आलं, गावाकडच्या मुलांना त्याने धीर आला हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो तो म्हणजे एटकॉम, म्हणजे वागणं-बोलणं आणि नीती शिकवायचे तास. त्यात पहिल्या वर्षाला एक धडाच आहे, देह हा आपला पहिला शिक्षक. आबा मास्तर होते म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं.

फर्स्टइयर_सुटलो:

मॅडमनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त विद्यार्थ्यांच्या बाजूचं सांगतो, आत्ताच सेकंड इयरला गेलोय.

पहिल्या दिवशी आम्हाला हात जोडून उभं केलं आणि शपथ दिली, की या देहाचा मान राखू, फोटो काढणार नाही, थट्टा करणार नाही. फॉर्मॅलिनने डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं की कोण रडतंय आणि कोणाचे डोळे चुरचुरतायत तेच कळत नव्हतं, मी दोन्ही करत होतो. आमच्या टेबलवर एक आजोबा होते, नाव कधीच सांगत नाहीत, आम्ही आजोबाच म्हणायचो. उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला होता. तो उघडला त्या दिवशी आम्ही सगळे गप्प झालो, कारण तोपर्यंत एखाद्या माणसाला जिना चढताना त्रास होत असेल वगैरे डोक्यातच आलं नव्हतं.

आणि एक सांगतो. पुस्तकात दंडातली धमनी कोपरापाशी येऊन दोन होते, स्क्रीनवर पण तसंच. आमच्या आजोबांची वर दंडातच दोन झालेली होती आणि एक फाटा अगदी कातडीच्या खालून गेलेला. सरांनी बाकीच्या सगळ्या टेबलवरच्या पोरांना बोलावून दाखवलं, म्हणाले अशा माणसाला शीर समजून सुई मारलीत तर धमनीत जाईल. आता वॉर्डात कोणाचंही रक्त काढायच्या आधी मी बोटाने ठोका लागतो का बघतो, दर वेळी. ते मला आजोबांनीच शिकवलं. तुमच्या आबांना हे वाचून दाखवा काकू.

आडाबाजार_वाले:

आमच्या आईचं देहदान झालंय म्हणून अनुभवाचं सांगतो, कारण फॉर्म भरणं सोपं आहे, खरी परीक्षा त्या दिवशी असते.

आई रंगपंचमीला पहाटे गेली. आता इंदूरची रंगपंचमी म्हणजे सांगायला नको, राजवाड्याला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, आडा बाजारातून माणूस पायी निघू शकत नाही तिथे शववाहिनी कुठून येणार. त्यात कॉलेजचा कार्डावरचा नंबर कोणी उचलेना, सुट्टीचा दिवस. कॉलेजचं नाव घेत नाही, नंतर त्यांनी खूप आपुलकीने केलं सगळं, पण ते तीन तास मी विसरू शकत नाही, बाहेर ढोल आणि आत आम्ही बर्फाच्या लाद्या लावून बसलेलो. शेवटी भावाच्या मित्राच्या ओळखीने एक डॉक्टर सापडले, गाडी हरसिद्धीच्या बाजूने मागच्या गल्लीत आली आणि आईला आम्ही चौघांनी तिथपर्यंत खांद्यावर नेलं.

म्हणून सांगतो ताई, कार्डावरचा नंबर आजच लावून बघा, चालू आहे का. २००९ चा नंबर आहे तो, बदललेला असू शकतो. सुट्टीच्या दिवसाचा आणि रात्रीचा नंबर वेगळा मागून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांची, म्हणजे नणंद वगैरे सगळ्यांची मनाची तयारी करून ठेवा, कारण फॉर्म भरलेला असला तरी नंतर जवळच्या माणसांनी नाही म्हटलं की कॉलेज देह घेत नाही. आमच्याकडे मोठ्या मामांनी ऐन वेळी खोळंबा केला होता.

सासूबाईंच्या काळजीचं, आमच्या गुरुजींनी पालाशविधी केला, देह नसेल तेव्हा प्रतिमा करून तिचं दहन करतात, तो शास्त्रातलाच आहे. पुढे दहावं, तेरावं सगळं रीतसर झालं, कावळाही शिवला. आणि नानाजी देशमुखांचं सांगा त्यांना, २०१० ला चित्रकूटला गेले तेव्हा त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला होता.

रामबागची_सून:

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मॅडम, एक राहिलं, आबांना डोळे पण द्यायचेत, दोन्ही होतं का? त्यांना शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय.

डीएच_मॅडम:

दोन्ही होतं ताई. डोळे म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा घेतात, तो सहा तासांच्या आत, मोतीबिंदू झालेला असला किंवा शुगर असली तरी चालतो. पापण्या मिटवून वर ओली पट्टी ठेवायची, पंखा बंद, डोक्याखाली उशी. ते झालं की देह आमच्याकडे. किडनी, लिव्हर वगैरेंचं मात्र वेगळं असतं, ते ब्रेन डेड पेशंटचं दवाखान्यातच होतं आणि तसे अवयव घेतलेला देह सहसा आम्ही घेत नाही.

बाकी डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, त्यात कारण लिहिलेलं, आबांचं आणि सही करणाऱ्याचं आधार, फॉर्मची कॉपी, एवढं एका पिशवीत घालून ठेवा. उन्हाळ्यात जेवढ्या लवकर होईल तेवढं चांगलं. अपघात किंवा पोलीस केस असेल, पोस्टमॉर्टम झालेलं असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी-सी असेल, अंथरुणाला खिळून मोठ्या जखमा चिघळल्या असतील तर आम्हाला नाही म्हणावं लागतं, तेव्हा घरच्यांनी वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि २०२५ पासून आपल्या राज्यात देहदान करणाऱ्याला गार्ड ऑफ ऑनर द्यायचं ठरलंय, पोलीस येऊन सलामी देतात.

आबांना वाटलं तर एकदा डिपार्टमेंटला घेऊन या, मुलांशी बोलतील.

रामबागची_सून:

काल रात्री सगळी उत्तरं आबांना मोठ्याने वाचून दाखवली, कमी ऐकू येतं म्हणून दोनदा. त्या धमनीचं ऐकून म्हणाले त्या मुलाचं नाव काय, मी म्हटलं इथे नाव नसतं आबा, तर म्हणाले त्यांच्या टेबलवरही नसतं ना. मग अंगठा-करंगळी लावून मनगट वाकवलं. उजव्या हाताला दोरी आली, डाव्याला नाहीच. आईंना पण करायला लावलं, त्यांच्या दोन्ही हातांना आहे.

आज सकाळी कार्डावरचा नंबर लावला, बंद आहे. नवीन दोन नंबर मिळाले, एक रात्रीचा. आबांनी कार्डाच्या मागे चिकटपट्टी लावून त्यावर स्वतःच्या अक्षरात दोन्ही लिहिलेत, आणि डिपार्टमेंटला जायला गुरुवार चालेल का विचारतायत.