‘डार्क पॅशन प्ले’मधला बदल गायिकेमुळे की संगीतकारामुळे?

मंद्रसप्तक

फिनलंडच्या नाइटविश या मेटल बँडचे अल्बम मी सध्या प्रकाशनाच्या क्रमाने ऐकत आहे आणि ‘वन्स’ (२००४) संपवून ‘डार्क पॅशन प्ले’पाशी (२००७) आलो आहे. या दोहोंमध्ये काय घडले हे सर्वज्ञात आहे. २१ ऑक्टोबर २००५च्या हेलसिंकीतील मैफलीनंतर गायिका तार्या टुरुनेन यांना पत्र देऊन बँडमधून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी स्वीडनच्या अनेट ओल्झन आल्या. नवा अल्बम मला रॉककडे अधिक झुकलेला आणि पॉवर मेटलच्या, म्हणजे वेगवान, सुरेल हेवी मेटलच्या, धावत्या लयीपासून दुरावलेला वाटतो. हा परिणाम नव्या आवाजाचा आहे, की बँडचे कीबोर्डवादक व मुख्य संगीतकार टुओमास होलोपाइनेन यांच्या मनात मुळातच असे संगीत होते, हे केवळ ऐकून ठरवता येईल का? दोघींपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद कृपया इथे नको.

उत्तररात्र

बऱ्याच अंशी ठरवता येईल. वाद्यांचे ध्वनिमुद्रण २००६मध्येच सुरू झाले होते, तर नव्या गायिकेचे नाव मे २००७मध्ये जाहीर झाले. म्हणजे ही गाणी अनेट यांचा गळा समोर ठेवून रचलेली नाहीत. याचा पडताळा घेण्याची सोयही बँडनेच करून ठेवली आहे: अल्बमच्या मर्यादित आवृत्तीत दुसरी सीडी आहे आणि तिच्यावर हीच गाणी गायनाविना आहेत. ती आधी ऐकावी. आवाज काढून घेतल्यावरही जे रॉकसारखे वाटेल, त्याचे श्रेय किंवा दोष गायिकेकडे जात नाही.

पहिल्याच ‘द पोएट अँड द पेंडुलम’ या सुमारे चौदा मिनिटांच्या रचनेकडे विशेष लक्ष द्यावे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित केलेला वाद्यवृंद, समूहगायन, एका मुलाचा कोवळा आवाज आणि बँडचे बासवादक मार्को हिएटाला यांचे गायन या सगळ्यांत मुख्य गायिका ही अनेकांपैकी एक होऊन राहते. वाद्यवृंदाची मांडणी ‘वन्स’प्रमाणेच पिप विल्यम्स यांची असल्यामुळे तो धागा तुटलेला नाही. फरक पडला आहे तो आवाज आणि वाद्यवृंद यांच्या नात्यात. ऑपेराच्या तालमीत तयार झालेला गळा वाद्यांच्या भिंतीवरून पलीकडे पोहोचतो. अनेट यांचा आवाज पॉप-रॉक वळणाचा, बोलण्याच्या जवळचा आहे आणि शब्द अधिक स्पष्ट पोहोचवतो, पण त्याला मिक्सिंगमध्ये, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांची पातळी जुळवताना, जागा करून द्यावी लागते. ‘अमारांथ’सारख्या आटोपशीर गाण्यात ती सहज मिळते. दीर्घ रचनेत मात्र काही ठिकाणी मला ओढाताण जाणवते.

दुहेरीबास

प्रश्नातच एक गृहीत धरले आहे, त्याला माझी हरकत आहे. पॉवर मेटलचा वेग २००५नंतर गेला नाही. तो त्याआधीच ओसरू लागला होता. ‘विशमास्टर’ (२०००) आणि ‘सेंच्युरी चाइल्ड’ (२००२) लागोपाठ ऐकले, तर ड्रमची घोडदौड कमी झालेली आणि रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) जड झालेले तिथेच लक्षात येते. त्याच सुमारास मार्को हे बास आणि गायन घेऊन बँडमध्ये आले होते, पण त्या बदलाची चर्चा फारशी कोणी करत नाही. ‘डार्क पॅशन प्ले’मधले बहुधा सर्वांत आक्रमक गाणे असलेले ‘मास्टर पॅशन ग्रीड’ मार्को एकटेच गातात, तेव्हा तिथे गायिका बदलल्याचा संबंधच येत नाही.

उत्तररात्र

मान्य. तरीही आवाजाचा रचनेवर परिणाम झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. तो एक अल्बम उशिरा दिसतो. ‘इमॅजिनेरम’ (२०११) रचताना गायिका कोण, हे ठाऊक होते आणि तिथे जॅझच्या अंगाचे ‘स्लो, लव्ह, स्लो’ किंवा ‘स्केअरटेल’मधले नाटकी, विक्षिप्त गायन येते. अनेट यांच्या गळ्याला काय शोभते, हे त्या अल्बममध्ये अधिक नेमके पकडले आहे.

तुलनेसाठी कॅमेलॉट या अमेरिकी पॉवर मेटल बँडचा ‘सिल्व्हरथॉर्न’ (२०१२) घ्यावा. गायक रॉय खान गेल्यानंतर आलेले टॉमी कॅरेविक यांच्या आवाजाचा पोत आधीच्या गायकाशी इतका मिळताजुळता होता, की बँडला वळण बदलावेच लागले नाही. शिवाय कॅरेविक यांचा गीतलेखनातही सहभाग होता. नाइटविशने जाणूनबुजून वेगळा आवाज निवडला आणि लेखन मात्र प्रामुख्याने होलोपाइनेन यांच्याच हाती राहिले.

मंद्रसप्तक

दोघांचेही आभार. गायनाविना असलेली सीडी मिळवून ‘द पोएट अँड द पेंडुलम’ ऐकले. दुहेरीबास यांचे लयीविषयीचे म्हणणे पटले, पण एक शंका उरते: ओढाताण खरोखर आवाजाची आहे, की रचनेतच इतके काही कोंबले आहे की कोणताही गळा तिथे अपुरा पडेल?

दुहेरीबास

अनेट यांच्यानंतर गायिका म्हणून फ्लोर यान्सन आल्यावर जर्मनीतील २०१३च्या वाकेन या मेटल महोत्सवातले ध्वनिमुद्रण ‘शोटाइम, स्टोरीटाइम’ या नावाने उपलब्ध आहे आणि त्यात आधीच्या दोन्ही गायिकांच्या काळातील गाणी एकच गळा गातो. आपल्या शंकेसाठी याहून चांगली कसोटी मला सुचत नाही. माझा कौल रचनेच्या विरोधात आहे.