शब्दचर्चा: दाद

षड्ज

परवा वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दोन बातम्या होत्या. वर: ‘रसिकांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली.’ खाली: ‘धरणग्रस्तांनी उच्च न्यायालयात दाद मागितली.’ पंचवीस वर्षं गाणं शिकतेय, हा शब्द रोज कानावर पडतो, पण दोन्हीकडची दाद एकच आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कोश काढून पाहिला. शब्द फारसी. तिथे ‘दाद’ म्हणजे न्याय. इराणात आजही न्यायालयाला ‘दादगाह’ म्हणतात. ‘बेदाद’ म्हणजे अन्याय, जुलूम. आपल्याकडे हा शब्द कारभाराच्या भाषेतून आला आणि ‘दाद-फिर्याद’ या जोडीत पक्का बसला. म्हणजे मैफलीत आपण ‘दाद देतो’ तेव्हा मुळात कौतुक करत नाही, गाणाऱ्याला न्याय देतो.

हे कळल्यावर माझ्या गुरुजींच्या बोलण्यातला एक बारकावा उलगडला. ते ‘लोकांना आवडलं’ आणि ‘दाद मिळाली’ ही दोन वाक्यं कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. एका गणेशोत्सवात मी यमन गायले. मांडव भरलेला होता, टाळ्या भरपूर पडल्या. खाली उतरल्यावर गुरुजी म्हणाले, “लोकांना आवडलं.” बस. दोन वर्षांनी एका घरगुती बैठकीत जेमतेम वीस माणसं होती. तोच राग, तीच चीज. एका आवर्तनात तीव्र मध्यमावर जरा जास्त थांबून मी निषादाकडे गेले, तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पेटीवादकांनी डोळे मिटले आणि अगदी हळू “हं” केलं. घरी जाताना रिक्षात गुरुजी म्हणाले, “आज दाद मिळाली तुला.”

तुम्ही हा शब्द कसा वापरता? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

तालुका वकील

गाण्यातलं कळत नाही, पण हा शब्द आमच्या रोजच्या मीठभाकरीचा आहे. दावा लिहिताना शेवटच्या परिच्छेदात ‘मागितलेली दाद’ येते. निकालाआधी काही हवं असेल तर ‘अंतरिम दाद’. पक्षकारही म्हणतात, “साहेब, आमची दाद लागंल का?” इथे दाद म्हणजे कौतुक नाहीच. माझ्यावर जे झालं ते कोणीतरी अधिकारानं ऐकून घ्यावं आणि त्याचं काहीतरी करावं, एवढा सगळा अर्थ त्यात आहे.

एक फरक सुचतो. कोर्टात दाद मागावी लागते, न मागितलेली सहसा मिळत नाही. मैफलीत मात्र कोणी मागितली तर ते बरं दिसत नाही, असं मला श्रोता म्हणून वाटतं. हल्ली निवेदक मध्येच “जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत” म्हणतात तेव्हा कानाला खटकतं, ते का याचं उत्तर तुमच्या प्रश्नात सापडलं.

ठेका

मी तबला वाजवतो, सांगलीकडचा. आमच्यात ‘जागेवर दाद’ असा शब्दप्रयोग आहे. ‘जागा’ म्हणजे गायकानं घेतलेली ती नेमकी स्वराकृती, आणि दाद त्या जागेवरच यायला हवी. दोन मात्रा उशिरा आलेली दाद म्हणजे शेजाऱ्याचं बघून हललेली मान. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, सगळ्यांचीच मान हलते, त्यात विशेष नाही. पण समेच्या आधी, मुखड्याकडे (चिजेच्या सुरुवातीच्या ओळीकडे) वळताना गायकानं काहीतरी वाकडी वाट घेतली आणि ती एखाद्याला त्याच क्षणी दिसली, तर त्याचा “ओहो” ऐकून आमचेही हात वेगळे पडतात. साथीदारही श्रोताच असतो. गायकाला पहिली दाद पुष्कळदा डग्ग्यावरून मिळते.

आता उलट बाजू. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. तिथे गायला-वाजवायला जाणारा माणूस ‘कार्यक्रम आहे’ म्हणत नाही, ‘हजेरी लावायची आहे’ म्हणतो. हजेरीत बिदागीचा विचार नसतो आणि दादेचाही नसतो. मी पहिल्यांदा तिथे वाजवलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते, समोर पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे झोपलेले. तरी हात थरथरत होते. कोणासमोर वाजवतोय हे सांगता येत नव्हतं, पण वाजवायचं नीटच होतं. त्यामुळे ‘दाद’ नीट समजून घ्यायची तर ‘हजेरी’ तिच्या शेजारी ठेवून बघावी असं मला वाटतं.

रानजाई

तिसरा अर्थ राहिलाच की. माझी आई म्हणते, “ताप औषधाला दाद देत नाही.” कुलूप किल्लीला दाद देत नाही. हट्टी पोर कोणाला दाद देत नाही. यात न्याय कुठे बसतो?

मला असं वाटतं: दाद घेणे म्हणजे गाऱ्हाणं कानावर घेणं (‘त्याची कोणी दाद घेईना’). त्यातून दाद देणे म्हणजे ऐकल्याची खूण देणं, बधणं. म्हणजे तिन्ही अर्थांच्या मुळाशी ‘ऐकणं’ आहे. न्यायाधीश ऐकतो, श्रोता ऐकतो, आणि ताप ऐकत नाही.

कुमार गंधर्वांचं उदाहरण डोळ्यांसमोर येतं. क्षयानं गाठलं, १९४८च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला गेले, गाणं बंद. आजार दाद देत नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा कुठे उतार पडला. त्या मधल्या वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली. ज्याला गायला मनाई होती तो माणूस नुसतं ऐकत राहिला, आणि पुढे त्याच ऐकण्यातून त्यांचं नवं गाणं उभं राहिलं. रस्त्यानं गात जाणाऱ्या बायकांना कुठे माहीत होतं, खिडकीआड कोण पडलंय ते! पण मला ही कुमारांनी त्या बायकांच्या गाण्याला दिलेली दादच वाटते.

मध्यलय

थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका. शब्दाच्या जन्मदाखल्यावरून आजचा अर्थ ठरवायचा नसतो. आज मराठीत दाद म्हणजे कौतुक, आणि ते टाळ्यांतूनही व्यक्त होतं. जाणकाराचं “हं” तेवढी दाद आणि मांडवातल्या हजार माणसांच्या टाळ्या म्हणजे नुसती आवड, ही उतरंड मला मान्य नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना लोक ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत, प्रयोग पहाटेपर्यंत चालत. त्या पिटातल्या माणसाला राग ओळखता येत नसेल, पण आज कोणता सूर काळजाला भिडला हे त्याला बरोबर कळत होतं. तो परत मागत होता, म्हणजे त्यानं ऐकलं होतं. आणि ‘वन्स मोअर’ हा शब्दही एव्हाना मराठीच म्हणायला हवा.

षड्ज

मध्यलय, तुमचा मुद्दा पटला. माझ्या लिहिण्यात ती उतरंड आली होती खरी. पुन्हा मागणं ही दाद आहे, यात शंका नाही. फक्त ‘टाळ्यांच्या कडकडाटात दाद’ हे वाक्य बातमीदार गाणं न ऐकताही लिहू शकतो, माझी तक्रार तेवढीच.

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंत की मैफलीत दाद मागणं बरं दिसत नाही. त्यावर दोन दिवस विचार करतेय. किशोरीताई आमोणकरांबद्दल लोक सांगतात ना, की श्रोत्यांत कुजबुज झाली तर त्या थांबत, सुनावत, व्यवस्था नीट नसेल तर गात नसत. त्याला लोकांनी लहरीपणा म्हटलं. पण मुलाखतींत त्यांनी स्वतः कारण सांगितलंय. आई मोगूबाई कुर्डीकरांबरोबर त्या लहान वयात तानपुऱ्याच्या साथीला जात, आणि गाणाऱ्या बाईला आयोजक कसं वागवतात, कुठे उतरवतात, ते सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी आईनं मान खाली घालून गिळलेलं मुलीनं पुढे गिळायचं नाकारलं. मला हे तुमच्या कोर्टातल्या अर्थानं ‘दाद मागणं’ वाटतं. कौतुकासाठी नाही, झालेल्या अन्यायाविरुद्ध, तेही आईच्या वतीनं. (ज्या गावाचं नाव मोगूबाईंनी आडनावात वागवलं ते कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं.)

तालुका वकील

वतीनं दाद मागता येते, हे अगदी बरोबर. कुलमुखत्यार (ज्याला मुखत्यारपत्र दिलंय तो) वारलेल्या माणसाच्या वतीनं उभा राहू शकत नाही, वारस मात्र राहू शकतो.

अजून एक. आमच्याकडे दाद मागायला मुदत असते. ती टळली की दावा कितीही खरा असो, चालत नाही. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांबद्दल वाचलंय की मंजी खाँ, भूर्जी खाँ यांच्याकडे शिकून तयार झालेला हा माणूस धारवाडला गात राहिला, आणि देशभर नाव झालं ते साठीच्या आसपास. गाण्यात मुदतीचा कायदा नाही हे फार बरं आहे.

ठेका

मुदतीवरून गायिका केसरबाई केरकर आठवल्या. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘व्हॉयेजर’ ही दोन अवकाशयानं सुटली, त्या यानांवरच्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेवर केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ज्या बाईनं कोणासमोर गायचं हे आयुष्यभर स्वतः ठरवलं, तिची भैरवी ऐकणारं कुणी असेल की नाही हेच ठाऊक नसलेल्या ठिकाणी चालली आहे. माझ्या भाषेत ही हजेरी.

रानजाई

ठेका, हे वाचून अंगावर काटा आला. षड्जताई, मग त्या बातमीदारानं काय लिहायला हवं होतं, तेही सांगा.

षड्ज

त्या कार्यक्रमाला मी होते म्हणून सांगते. मी असं लिहिलं असतं: ‘कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याआधी विलंबितात, पावसाचा आवाज पत्र्यावर वाढलेला असताना, गायिकेनं मंद्र धैवत अगदी हलका लावला, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हातातली छत्री खाली ठेवली आणि दाद दिली.’