लिफ्टशेजारचा चंद्र

*जोशी (सेक्रेटरी):* बी विंगच्या लिफ्टशेजारी चित्र कोणी चिकटवलंय? टेपने नव्या रंगाचे पोपडे निघतात. सर्क्युलर कोणी वाचतच नाही.

*शिंदे ए-१०३:* लावायचं तर बरं काही लावा. बाईने चंद्राला पिंजऱ्यात कोंडलंय आणि चमच्याने काहीतरी चारतेय. कोजागिरी चार दिवसांवर आलीय आणि चंद्राची ही अवस्था 😄

*देशपांडे काकू बी-३०४:* मी लावलंय. टेप नाही, चिकटमाती आहे, भिंतीला काही होत नाही. चित्र रेमेदिओस वारोचं आहे, १९५८ सालचं. नाव ‘पापिया एस्तेलार’, म्हणजे ताऱ्यांची पेज. नीट बघा, छतातून नळी वर गेलीय. तिच्यातून तारे खाली येतात, बाई ते यंत्रात दळते आणि चंद्राला भरवते.

*पवार ए-४०२:* ही ती जाड भुवयांची ना? मेक्सिकोची?

*देशपांडे काकू बी-३०४:* नाही हो, ती फ्रिडा काहलो. मेक्सिको म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते. वारो मूळची स्पेनची, जन्म १९०८, कातालोनियातल्या आंग्लेस गावचा. वडील पाटबंधाऱ्यांचे इंजिनीअर. लेकीला पट्टी-कंपास देऊन नकाशे काढायला बसवायचे. म्हणून तिच्या चित्रातली यंत्रं खोटी असली तरी खरंच सुरू होतील असं वाटतं.

*शिंदे ए-१०३:* मग मेक्सिकोत कशी?

*देशपांडे काकू बी-३०४:* स्पेनमधलं यादवी युद्ध चालू असताना पॅरिसला गेली, तिथे सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखी चित्रं काढणाऱ्या मंडळींत मिसळली. मग जर्मन पॅरिसपर्यंत आले. १९४१ मध्ये मार्सेयमार्गे निघून बोटीने मेक्सिको गाठलं. पुन्हा कायमची परतली नाही.

*जोशी (सेक्रेटरी):* विषयांतर नको. उद्या सकाळी ७ वाजता डासांसाठी धूर फवारणी आहे. खिडक्या बंद ठेवाव्यात.

*देशपांडे काकू बी-३०४:* जोशी, हे विषयांतर नाही. वारोने व्हेनेझुएलात मलेरिया खात्यासाठी सूक्ष्मदर्शकातून बघून डासांची चित्रं काढली होती. औषध कंपनीच्या जाहिरातीही केल्या. बायरसाठी संधिवाताचं दुखणं रंगवलं, पण सही आईच्या माहेरच्या आडनावाने, उरांगा. पोटासाठीचं काम आणि स्वतःचं काम तिने वेगळं ठेवलं होतं.

*चिन्मय सी-२०१:* बाई, मग स्वतःची चित्रं कधी काढली? (पाचवी ते सातवी तुमच्याकडेच होतो. कंपास अजून जपून ठेवलाय.)

*देशपांडे काकू बी-३०४:* चिन्मय, तुझी वर्तुळं कधी जुळली नाहीत रे. सांगते. पन्नासच्या दशकात. रेकॉर्डचं दुकान चालवणारा वॉल्टर ग्रुएन, तोही ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेला. १९५२ पासून दोघं एकत्र राहू लागले. घरखर्चाची काळजी मिटली आणि बाई पूर्ण वेळ चित्रांना बसली. पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९५६ मध्ये, वय ४७. ऑक्टोबर १९६३ मध्ये हृदयविकाराने गेली, ५४ची होती. हातात आली ती जेमतेम दहा-अकरा वर्षं. २०२० मध्ये तिचं एक चित्र सुमारे ६२ लाख डॉलरला विकलं गेलं.

*शिंदे ए-१०३:* 😳 मग लिफ्टशेजारी काय, लॉकरमध्ये ठेवा.

*देशपांडे काकू बी-३०४:* प्रिंट आहे हो, ८० रुपयांची.

*सावंत वहिनी सी-५०३:* आत्ता रात्री खाली कचरा टाकायला गेले तेव्हा बघितलं. बाळ अकरा महिन्यांचं आहे. दिवसातून चार वेळा नाचणीची पेज. त्या बाईचा चेहरा बघा ना, प्रेम आहे आणि अगदी पेंगुळलेलीही आहे. कोणीतरी मलाच काढल्यासारखं वाटलं.

*देशपांडे काकू बी-३०४:* तिचं अजून एक पाठवते, १९६१चं. बुरुजात कोंडलेल्या मुली पृथ्वीचं वस्त्र भरतायत, समुद्र, डोंगर, घरं सगळी टाक्याटाक्यांनी. डोकं झाकलेला एक मालक पाळत ठेवून उभा. एका मुलीने कापडाच्या घडीत आपला प्रियकर भरून ठेवलाय, उलटा. पुढच्या चित्रात दोघं पळाली. वारोची शाळा नन्सची होती, ते लक्षात ठेवून बघा.

*पवार ए-४०२:* काकू, ही मंडळी जेवायची तरी साधं का?

*देशपांडे काकू बी-३०४:* कसलं साधं! तिची जिवलग मैत्रीण लिओनोरा कॅरिंग्टन, तीही चित्रकार. तिने पाहुण्यांना साबुदाणा स्क्विडच्या शाईत काळा करून कॅव्हियार, म्हणजे माशाची महागडी अंडी, म्हणून वाढला होता. स्क्विडला आपल्यात काय म्हणतात?

*सावंत वहिनी सी-५०३:* माकुल. सासूबाई विचारतायत, उपासाला चालेल का 😂

*जोशी (सेक्रेटरी):* चित्र कोजागिरीपर्यंत राहू दे. त्यानंतर काकूंनी स्वतः काढावं. आणि दूध गच्चीवर रात्री ९ वाजता, पेले आपापले आणावेत.

*चिन्मय सी-२०१:* बाई, चमचा मी आणतो.