वजन उतरवतं ते ताट, मग रोज चालायचं कशाला?

गोदाकाठ (नांदेड)
वजन वाढलं की डॉक्टरपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला: चालायला जा. माझ्या मते या सल्ल्यानं नुकसान व्हायलंय. हिशोब बघा. सत्तर किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर साधारण 250 ते 300 कॅलरी जातात. येताना टपरीवर प्लेटभर पोहे नि साखरेचा चहा झाला की बरोबरी. महिनाभरात काटा हलत नाही, म्हणून माणूस चालणंही सोडतो आणि पथ्यही.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास मांडला. शिकार, कंदमुळं, दिवसभर पायपीट. तरी शरीराचं आकारमान धरून पाहिलं तर त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च बैठी कामं करणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. एकीकडं खर्च वाढला की शरीर दुसरीकडं काटकसर करतं, असं पाँट्झर मांडतात. म्हणून व्यायाम हृदयासाठी करा, साखरेसाठी करा, झोपेसाठी करा. वजनाशी त्याची गाठ मारू नका.

मांजरापट्टा (लातूर)
दादा, वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिल्यावरच थांबलात. पहिलं काम ताटच करतं, मान्य. पण आमच्या लातुरात डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांची वजन घटवायची पद्धत घरोघरी पोचली, त्यातलं लोकांनी काय उचललं? दिवसातून दोनदाच जेवायचं, एवढंच. 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, हा त्याच पद्धतीचा भाग कितीजण सांगतात? सहा-आठ महिन्यांत ढगळ झालेले शर्ट पुढच्या दिवाळीला परत दाटायला लागतात, हे आमच्या गल्लीत सर्रास दिसतं.

अमेरिकेत 1994 पासून वजन टिकवलेल्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. किमान 13.6 किलो घटवून ते निदान वर्षभर टिकवलं तरच नाव लागतं. त्यातले 90 टक्क्यांच्या आसपास लोक सरासरी तासभर रोज व्यायाम करतात.

गोदाकाठ (नांदेड)
ही जमलेल्यांची यादी झाली. रोज चालूनही ज्यांचं वजन परत चढलं, ते या वहीत येणारच नाहीत. शिवाय जो शिस्तीनं चालतो तो शिस्तीनं जेवतही असेल. श्रेय चालण्याला कसं द्यायचं?

मांजरापट्टा (लातूर)
मग परत चढलेल्यांचाही अभ्यास घ्या. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतले 14 स्पर्धक संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचं वजन बरंच परतलं होतं, आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी होता. म्हणजे तुम्ही म्हणता ती काटकसर खरीच आहे. पण ज्यांनी वजन टिकवलं आणि ज्यांचं परतलं, त्यांच्या खाण्यात फारसा फरक नव्हता. फरक हालचालीत होता. टिकवणाऱ्यांनी ती कितीतरी जास्त वाढवली होती. तुमच्या शिस्तीच्या शंकेला याहून सरळ उत्तर माझ्याकडं नाही. अभ्यास लहान आहे, हे मात्र मान्य.

तेरणाकाठची (धाराशिव)
तुम्ही दोघंही चालण्यावरच अडलात. उपाशी राहून वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्याला ताकदीचा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाशेजारीच निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. आमच्याकडं बायांना तो कुणी सांगतच नाही.

माझ्या सासूबाई रोज जेवण झाल्यावर हात न टेकता पाटावरून उठायचा सराव करतात. सुरुवातीला खांबाला धरायच्या, आता डाव्या गुडघ्यावर नुसता तळवा ठेवतात आणि उठतात. मी पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलते, भिंतीला हात लावून जोर काढते. आणि मुगाचं वरण, मटकी, दही ताटात वाढवलंय. नुसती भाकरी नि ठेचा खाऊन स्नायू कुठून येणार?

परभणीकर
ताई बरोबर. आणि चालायचंच तर चाल हवी. कृषी विद्यापीठात पहाटे येणारे निम्मे लोक रमतगमत असतात. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)
टिकवण्यासाठी व्यायाम, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण क्रम सोडणार नाही. पहिले चार-सहा महिने ताटावरच लक्ष द्या. दोन्ही एकदम सुरू केलं की भूक खवळते आणि दोन्ही सुटतं.

मांजरापट्टा (लातूर)
इथंच माझा विरोध आहे. वजन उतरल्यावर सवय लावायला बसाल तर तोवर उन्हाळा येईल, लग्नसराई येईल, पेरणी येईल. पंधरा मिनिटं का होईना, पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.

तेरणाकाठची (धाराशिव)
सुरू कुठं करायचं तेही बोला. एप्रिल-मे मध्ये आठ वाजताच ऊन भाजतं, म्हणून निघायचं ते अंधारात. रस्त्याला दिवे नाहीत, कुत्री मागं लागतात. गावातल्या शाळेचं मैदान पहाटे उघडं ठेवून तिथं दोन दिवे लावले तर आमच्या गल्लीतल्या दहा-बारा जणी उद्यापासून यायला तयार आहेत. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या गावात कुणी असं करून घेतलं असेल तर अर्ज कसा केला ते इथं लिहा.